दौलूआबांचा फोटो अजून व्हायचा आहे

एका जंगलात झाडं कमी होती आणि फोटो फार होते.

मुलांनो, हे कसं झालं ते मला विचारू नका. झाडं कुठं गेली यावर त्या जंगलात कधी सभा भरली नाही. फोटोंवर मात्र रोज भरायची. भेकराकडे कॅमेरा होता, रानडुकराकडे कॅमेरा होता, आणि ज्याच्याकडे कॅमेरा नव्हता त्याच्याकडे फोन होता. वाघ शिकारीला निघाला की हरणं आधी त्याचा फोटो काढायची आणि मग पळायची. जी हरणं आधीच पळून जायची, त्यांना कलेची जाण नाही असं समजलं जायचं. जाण असलेली हरणं दरवर्षी कमी होत होती.

या जंगलात वैजू नावाची एक तरुण सायाळ राहायची. तिला फोटोचं भारी वेड. अंगावर काटे असल्यामुळे कॅमेऱ्याचा पट्टा तिला टिकत नसे. चौदा पट्टे फाटल्यावर तिनं कॅमेरा तोंडात धरून हिंडायची सवय केली. त्यामुळे ती फारसं बोलायची नाही. आणि जो फारसं बोलत नाही, त्याला जंगलात कलावंत समजतात.

वैजूकडे अकरा हजार फोटो होते. त्यातला एकही तिनं कोणाला दाखवला नव्हता.

"अजून एडिट व्हायचेत," ती म्हणायची. "तसेच दाखवणं म्हणजे पाहुण्याला कच्ची भाकरी वाढणं."

एके दिवशी तिला दौलूआबांचा निरोप आला.

दौलूआबा म्हणजे गव्यांच्या कळपातले सगळ्यात म्हातारे. त्यांचा उजवा कान अर्धाच होता. उरलेला अर्धा तरुणपणी एका वाघानं नेला होता आणि तो वाघ पुढे जन्मभर एका डोळ्यानं बघायचा. आबांच्या पाठीवर एक बगळा कायम उभा असायचा.

"बस पोरी," आबा म्हणाले. "तोंडातलं खाली ठेव."

वैजूनं कॅमेरा खाली ठेवला.

"माझा कातळावरचा फोटो काढायचा हाय."

गव्यांमध्ये एक रीत होती. कळपातलं कोणी गेलं की त्याचा फोटो नदीकाठच्या मोठ्या कातळावर लागायचा. वर रानफुलांची माळ. येता-जाता वासरं तिथं थांबायची आणि त्यांच्या आया त्यांना सांगायच्या, हे तुझे पणजोबा, ही तुझी चुलतआजी.

"पण आबा," वैजू चाचरत म्हणाली, "तो तर नंतर लावतात ना."

"लावत्यात नंतर. पण काढायचा कधी? नंतर?"

त्यांनी शिंगानं कातळाकडे दाखवलं. तिथं त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो होता.

"ह्यो आमचा शिदबा. एकाएकी गेला. फोटो कुणाकडंच न्हवता. मग एका बारशातल्या फोटोतनं त्याला कापून काढला. खांद्यावर बघ, कुणाची तरी शेपटी राहिलीया. तेबी चाललं असतं. पण स्टुडिओवाल्या तरसानं त्याला वर कोट घातला, टाय बांधला. जन्मात गळ्यात दावं घालून घेतलं न्हाई त्यानं. आन् मेल्यावर टाय."

वैजूनं बघितलं. शिदबा टाय घालून कातळावरून सगळ्यांकडे बघत होते. विमा विकायला आल्यासारखे दिसत होते. जवळून चाललेल्या एका वासरानं आईला विचारलं, "हे कुठं कामाला होते?"

"ऐकलंस?" आबा म्हणाले. "म्हणून म्हणतो, माझा आत्ताच काढ. मी जसा हाय तसा. मी सोता बघणार. पसंत पडला की मग डोळे मिटणार. त्याच्या आधी न्हाई."

वैजूचे काटे उभे राहिले. आजवर तिच्याकडे कोणी फोटो मागितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात तिनं आबांचा फोटो काढला. एकच काढला.

"बगळा बाजूला करू का?" तिनं विचारलं.

"त्याला कशाला? चार वर्सं झाली, तो तिथंच ऱ्हातो. माझी पाठ मला दिसत न्हाई, त्यालाच दिसती."

"बरं. जरा एडिट करते. दोन दिवसांत देते."

"कर," आबा म्हणाले. "मी हाय."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण त्या संध्याकाळी वैजूनं पाणवठ्यावर एक प्रश्न विचारला. फोटो एडिट करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

मुलांनो, वाघाला त्याचं वय विचारलं तर एक डरकाळी ऐकावी लागते. हा प्रश्न विचारला तर संपूर्ण जंगल ऐकावं लागतं.

पहिल्यांदा बंडू वानर फांदीवरून खाली उतरला.

"सॉफ्टवेअर कशाला पाहिजे गं? फोनवर एक बोट मारायचं. हे बघ." त्यानं बोट मारलं.

आबांचा रंग गोरा झाला. गालांवर लाली आली. पापण्या बगळ्याच्या पंखाएवढ्या झाल्या. वैजूनं तो फोटो आबांना नेऊन दाखवला. आबांनी बराच वेळ बघितला.

"चांगल्या घरची दिसती," ते म्हणाले. "पण कुणासाठी बघायलीस?"

मग श्रीरंग कोल्हा आला. त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"व्यावसायिक दर्जाचं काम हवं ना, वैजूताई? मग आमचंच. आम्ही विकत देत नाही. भाड्यानं देतो. दर पौर्णिमेला एक रताळं."

"आणि एखाद्या पौर्णिमेला रताळं नसलं तर?"

"तर फोटो तुमचाच राहील. फक्त उघडणार नाही."

"माझाच फोटो?"

"हो, हो. पूर्णपणे तुमचा. मालकीबद्दल आमची कंपनी फार काटेकोर आहे." कोल्हा नम्रपणे हसला. "एक प्रात्यक्षिक दाखवतो. हे बटण बघा. फोटोत जे अनावश्यक असेल, ते आमचं सॉफ्टवेअर स्वतः ओळखतं आणि काढून टाकतं. तुम्हाला डोकं चालवावं लागत नाही."

त्यानं बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं क्षणभर विचार केला आणि दौलूआबांना काढून टाकलं. उरलं ते सुंदर गवत, निळं आकाश आणि जमिनीपासून पाच हात उंचीवर, काहीही नसलेल्या जागी एका पायावर उभा असलेला बगळा.

"मोकळं वाटतंय की नाही?" कोल्हा म्हणाला.

तिसरा आला दगडू उंदीर. तो आजूबाजूला बघत बघत आला आणि कुजबुजला, "कोल्ह्याचंच आहे. मी आतून कुरतडून कुलूप काढलंय. फुकट घे. कोणाला सांगू नको."

वैजूनं ते घेतलं. ते छान चाललं. मात्र आत कुठंतरी कुरतडताना दोन तारा जास्त तुटल्या होत्या. कुठलाही फोटो उघडला की त्यात कोपऱ्यात दगडू दिसायचा.

शेवटी आलं एक कासव. त्याचं नाव आचार्य. वैजूनं विचारलं होतं मागच्या अमावास्येला, ते पोचलं या अमावास्येला.

"आमचं सॉफ्टवेअर मुक्त आहे," आचार्य म्हणालं. "ते कोणाच्या मालकीचं नाही. ते सर्वांनी मिळून घडवलं आहे. त्यात लोभ नाही, कुलूप नाही, रताळं नाही."

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुळातच ध्येयवादी होती. "हेच मला हवं होतं. फोटो उजळ कसा करायचा यात?"

"प्रथम प्रस्तावना वाच."

"किती पानं आहे?"

"प्रस्तावनेचीच विचारतेस ना?"

वैजूनं तीन महिने प्रस्तावना वाचली. मग तिला कळलं की उजळ करण्याचं बटण आहे, पण ते कुठं असावं यावर दोन गटांत मतभेद झाल्यानं सध्या ते कुठंच ठेवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतकं झाल्यावर तिनं नाद सोडला असेल. नाही. वैजू शिकलेली होती. शिकलेल्या प्राण्यासमोर चार पर्याय आले की तो एक निवडत नाही, तक्ता करतो. तिनं बिळाच्या भिंतीवर तक्ता आखला. आधी सात रकाने होते. मग सोळा झाले. नंतर बीळ वाढवावं लागलं.

तिकडं पाणवठ्यावर प्रकरण पेटलं. बंडूच्या बाजूचे एका काठावर पाणी पिऊ लागले, कोल्ह्याच्या बाजूचे दुसऱ्या. भेकरांच्या दोन घरांत ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडचे फोनवर एडिट करतात हे साखरपुड्यात समजलं. कासवाच्या बाजूचे कुठल्याच काठावर नव्हते. ते येत होते.

असे सहा महिने वैजू तक्ता भरत होती. आणि एका दुपारी दौलूआबांच्या दारात यमाचा रेडा येऊन उभा राहिला.

रेडा आणि गवा म्हणजे लांबचे भाऊबंद. तेव्हा बोलणं अदबीनं झालं.

"राम राम आबा."

"राम राम पाव्हणं. एकटंच? मालक न्हाई आलं?"

"मालक पुढच्या गावात आहेत. म्हणाले, घरचंच माणूस आहे, तू जाऊन घेऊन ये." रेड्यानं घसा साफ केला. "तर मग निघायचं ना?"

"निघू की. माझं काय न्हाई. पण फोटो व्हायचाय."

"कसला फोटो?"

आबांनी शिदबाचा टाय दाखवला. रेड्यानं मान हलवली. त्यानं खूप घरं बघितली होती, खूप टाय बघितले होते.

"शेवटची इच्छा आहे का ही?"

"हाय."

"मग अवघड झालं. शेवटची इच्छा अर्धी असताना नेता येत नाही. नियम आहे. कुठं आहे ती सायाळ? मी जरा घाई करायला सांगतो."

रेडा वैजूच्या बिळाशी गेला. त्याला आत शिरता येईना, म्हणून त्यानं फक्त डोकं आत घातलं. समोर भिंतभर तक्ता होता. एका बाजूला चारही सॉफ्टवेअरची नावं, वर त्रेचाळीस रकाने. रेडा वाचू लागला.

"हा विसावा रकाना कसला?"

"सावल्यांचा. सावलीतला तपशील कितपत वर काढता येतो, ते."

"आणि त्या पंधराव्यात कासवाला सहाच गुण का?"

"बटण सापडत नाही, रेडेराव."

"ते बटणाचं झालं. पण तत्त्वाचे गुण कुठं दिलेत?"

वैजूनं त्याच्याकडे वळून बघितलं. सहा महिन्यांत इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं तिच्याशी. तिनं चव्वेचाळिसावा रकाना आखला.

दिवस मावळला तरी रेड्याचं डोकं बिळातच होतं.

"तुमच्याकडे वर कुठलं वापरतात?" वैजूनं विचारलं.

"जुनं आहे काहीतरी. एकदा चित्रगुप्तांनी उघडलं, ते अजून उघडतंय." रेड्यानं डोकं आणखी आत घातलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक विचारू? माझा एकट्याचा फोटो नाही. आजवर जेवढे आहेत, त्या सगळ्यांत वर कोणीतरी बसलेलं असतं."

"काढू की तुमचा. मग तो पण एडिट करावा लागेल."

"तर मग नीट बघूनच ठरव," रेडा म्हणाला. "घाई नको."

असा रेडा तिथंच राहिला. मालकांनी दोनदा निरोप पाठवला. रेड्यानं कळवलं, काम चालू आहे, सावल्यांचा प्रश्न आहे.

आणि मुलांनो, रेडा एका जागी बसला म्हणजे काय झालं असेल? त्या जंगलात म्हातारपणानं कोणी जाईना. पहिल्यांदा हे अस्वलाच्या आजीच्या लक्षात आलं. ती काठी टेकत वैजूकडे आली.

"माझाही एक काढून ठेव गं बाई. आणि हे बघ, सावकाश कर. मला चांगल्या दर्जाचा हवा."

मग म्हातारा सांबर आला. दात पडलेला लांडगा आला. रांग लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, निवड नीट विचार करून व्हावी. लांडग्यानं तर दोन नवीन सॉफ्टवेअरची नावं आणली होती. ती त्यानं स्वतः रचली होती. गिधाडांचं शिष्टमंडळ निषेध नोंदवायला आलं. वैजूनं त्यांचाही ग्रुप फोटो काढला, आणि तो बरा यावा अशी इच्छा त्यांच्याही मनात निर्माण झाल्यानं गिधाडं निषेध न नोंदवताच परत गेली.

दोन वर्षं गेली. दौलूआबांनी पणतवंडांची शिंगं फुटलेली बघितली. कुठलं गवत खायचं, कुठल्या गवतानं पोट फुगतं, हे त्यांनी सगळ्या वासरांना हिंडून शिकवलं. बगळ्याला पिल्लं झाली. तीही पाठीवरच.

अधूनमधून आबा विचारायचे, "झाला का गं?"

"एकोणसत्तर रकाने झालेत, आबा."

"मग हुतंय की."

आणि एके सकाळी तक्ता पूर्ण झाला.

वैजूनं सगळ्या गुणांची बेरीज केली. चारही सॉफ्टवेअरना सारखेच गुण पडले. तिनं पुन्हा बेरीज केली. पुन्हा सारखेच.

रेडा बाहेर डुलकी काढत होता. वैजूला एकदम रडू आलं. अडीच वर्षं, एकोणसत्तर रकाने, आणि एका म्हाताऱ्या गव्याला दिलेला दोन दिवसांचा शब्द. तिनं कपाळावर पंजा मारून घेतला आणि मूळ फोटो उघडला. काहीतरी करून आजच संपवायचा, या रागानं उघडला. कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, डोळे मिटून एक घ्यायचं.

अडीच वर्षांत ती त्या फोटोकडे पहिल्यांदाच बघत होती. एवढे दिवस ती बटणांकडे बघत होती.

आबा उभे होते. कोवळं ऊन अर्ध्या कानातून आरपार आलं होतं आणि कानातली शीर न् शीर दिसत होती. डोळे तसेच होते, आत्ता काहीतरी खोचक बोलतील असे. पाठीवर बगळा मान वळवून मागं बघत होता, जणू आबांना न दिसणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवून होता.

वैजूनं उजळपणा बघितला. हवा तेवढाच होता. सावल्या जिथं हव्या तिथं होत्या. तिनं काढण्यासारखं काही शोधलं. घालण्यासारखं काही शोधलं. काहीच सापडलं नाही.

मागून रेड्याचा श्वास आला.

"सुरेख झालाय," रेडा म्हणाला. "कशात केलास?"

"कशातच नाही."

"म्हणजे?"

"काहीच करायचं नव्हतं. हा पहिल्या दिवशीच झालेला होता."

रेड्यानं डोकं बिळातून बाहेर काढलं. दोन वर्षांत शिंगांवर वेल चढला होता, तो झटकला.

"मग निघायला हवं," तो म्हणाला. त्याचा आवाज सरकारी झाला होता.

वैजू छापलेला फोटो तोंडात धरून चालू लागली. मागून रेडा. अस्वलाच्या आजीनं त्यांना बघितलं आणि ती हळूच आत गेली.

दौलूआबा कातळाखाली रवंथ करत बसले होते. भोवती सहा-सात वासरं लोळत होती. आबांनी वैजूकडे बघितलं. तिच्या तोंडातला फोटो बघितला, त्याची पाठ त्यांच्याकडे होती. मग तिच्यामागं उभा असलेला रेडा बघितला. रवंथ थांबलं.

"झाला का गं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

वैजूनं फोटो पंजात घेतला. तो फक्त उलटा करायचा होता. ती प्रामाणिक होती. खोटं बोलणाऱ्यांचा तिला राग होता. आबांना फोटोतून काढून टाकलं तेव्हा कोल्ह्याशी ती याच कारणानं भांडली होती.

एका वासरानं आबांच्या पायावर हनुवटी टेकली.

"नाही, आबा," वैजू म्हणाली. "बगळ्याचा डावा पाय जरा धूसर आलाय."

रेडा पुढं आला. त्यानं फोटोत डोकावून बघितलं. बगळा एका पायावर उभा होता. डावा पाय पोटाच्या पिसांत होता आणि फोटोत अजिबात नव्हता.

रेड्यानं आबांकडे बघितलं, वासरांकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

"धूसर आहे खरा," तो म्हणाला. "असा चालणार नाही." आणि हाश्हुश् करत तो तिथंच गवतात बसला. दोन वासरं लगेच त्याच्या अंगावर चढली. वर कोणी बसल्याची त्याला सवयच होती, पण ही हलकी होती.

वैजूचा धीर सुटला. "आबा, बघायचाय का तुम्हाला, आहे तसा?" तिनं विचारलं, कारण कितीही झालं तरी फोटो त्यांचा होता.

दौलूआबांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

"अर्धवट काम मी बघत नसतो," ते म्हणाले. "जा पोरी. चांगलं सॉफ्टवेअर बघ."

तात्पर्य : कुठलीही निवड करण्यापूर्वी सर्व पर्यायांचा कसून अभ्यास करावा. अभ्यास पुरा झाल्यासारखं वाटलं, तर रकाना वाढवावा. ज्यांची कामं वेळेवर होतात, त्यांच्याकडे रेडाही वेळेवर येतो.